घट, कुंभार आणि पेशीतील यंत्रे

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेत 'पेशीतील यंत्रे ईश्वराची साक्ष देतात' या विषयावर मी भाषण केले आणि मला पहिले पारितोषिक मिळाले. माझे म्हणणे थोडक्यात असे होते : घड्याळ पाहिले की घड्याळजी मानावा लागतो, मडके पाहिले की कुंभार मानावा लागतो, मग सजीवांच्या पेशीत घड्याळाहून कितीतरी सूक्ष्म यंत्रे सापडली असता त्यांना कर्ता नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? टाळ्या पुष्कळ पडल्या. आमचे घर कुंभाराचे. केज तालुक्यातील एका खेड्यात वडील आजही चाक चालवतात. मी त्यांना अण्णा म्हणतो. चषक घरी नेला तेव्हा भाषणाचा सारांश ऐकून अण्णांनी तो देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवला.

स्पर्धेनंतर तर्कशास्त्र शिकवणारे आमचे सर मला एवढेच म्हणाले, "पूर्वपक्ष चांगला मांडलास. उत्तरपक्ष वाचलास का?" मी वाचला नव्हता. त्यानंतरच्या वर्षभरात ग्रंथालयात बसून जे वाचले आणि बीडला विज्ञान शाखेत शिकणाऱ्या मित्राकडून जे समजावून घेतले, ते या लेखात मांडत आहे. टाळ्या परत करता येत नाहीत. निदान राहिलेली अर्धी बाजू त्याच श्रोत्यांपुढे ठेवावी, एवढाच हेतू.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे असेही नाही. जानेवारी २०१८ मध्ये आपल्या शेजारच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, भरलेल्या एका वैदिक संमेलनाच्या वेळी तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे विधान केले. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. देशातील तिन्ही प्रमुख विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्या विधानास शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट केले. मी तेव्हा शाळेत होतो. पुढे दहावीला विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा निघाला. तो पाठ करून मी गुण मिळवले, पण मनातून मी मंत्र्यांच्याच बाजूचा होतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

१. पेशीतील कारखाना

प्रथम वस्तुस्थिती पाहू. पेशीत यंत्रे आहेत, ही केवळ कविकल्पना नाही.

आपण खाल्लेल्या भाकरीतील ऊर्जा पेशीला जशीच्या तशी वापरता येत नाही. तिचे एटीपी नावाच्या रेणूत रूपांतर व्हावे लागते. हे काम तंतुकणिकांच्या आतल्या पटलात बसवलेले एक फिरते यंत्र करते. पटलाच्या एका बाजूला प्रोटॉनांची दाटी असते. ते यंत्रातील वाटेने पलीकडे उतरू लागले की, पाण्याच्या धारेने पाणचक्की फिरावी तसे, त्याचे चक्र फिरते. चक्राबरोबर मधला दांडा फिरतो आणि दांड्याच्या एका फेऱ्यात वरच्या भागात एटीपीचे तीन रेणू तयार होतात. या यंत्राचे कार्य उलगडल्याबद्दल पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्याच वर्षी जपानी शास्त्रज्ञांनी दांड्याला एक चमकणारा तंतू जोडून तो फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिला. यंत्राची रुंदी सुमारे दहा नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

दुसरे उदाहरण हमालांचे. कायनेसिन नावाचे प्रथिन पेशीतील सूक्ष्म नळ्यांवरून दोन पायांनी चालल्यासारखे पुढे सरकते आणि पाठीवर मालाची पिशवी वाहून नेते. प्रत्येक पाऊल आठ नॅनोमीटरचे आणि प्रत्येक पावलाला एटीपीचा एक रेणू खर्च. आपल्या कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत गेलेल्या चेतातंतूत असा माल पोचायला काही दिवस लागतात. उलट दिशेने माल आणणाऱ्या वाहकाचे नाव डायनिन. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की एकटे डायनिन दुबळे असले तरी अनेक डायनिन एकत्र जुंपले गेले की मोठे ओझे नेटाने ओढतात. या प्रकारच्या संशोधनासाठी मलिक यांना २०१८ चे इन्फोसिस पारितोषिक मिळाले.

तिसरे आणि माझ्या भाषणातील हुकमी उदाहरण म्हणजे जीवाणूची कशाभिका. ही एक शेपटी आहे, पण ती वळवळत नाही. मुळाशी असलेल्या मोटारीने ती गरगर फिरते. ती फिरते हे १९७३-७४ च्या सुमारास निश्चित झाले. सेकंदाला शंभराहून अधिक फेरे ती घेऊ शकते आणि क्षणात उलटही फिरते. तिच्या बांधणीत तीसच्या आसपास प्रकारची प्रथिने लागतात.

हे वाचून ज्याला आश्चर्य वाटणार नाही, त्याला कशाचेच वाटणार नाही. तेव्हा आश्चर्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्या आश्चर्यातून काढलेल्या अनुमानाबद्दल.

२. पूर्वपक्ष

पाश्चात्त्य जगात हे अनुमान विल्यम पेली यांनी १८०२ साली घड्याळाच्या दृष्टान्ताने मांडले. पेशीतील यंत्रांच्या आधारे त्याला नवे रूप दिले अमेरिकेतील जीवरसायनशास्त्रज्ञ मायकल बेही यांनी, १९९६ साली 'डार्विन्स ब्लॅक बॉक्स' या पुस्तकात. त्यांचा दृष्टान्त उंदराच्या सापळ्याचा आहे. फळी, स्प्रिंग, खिट्टी, दांडी, यांतील एक भाग काढला तर सापळा थोडासा कमी उंदीर पकडतो असे होत नाही. तो मुळीच चालत नाही. कशाभिकेचेही तसेच. अर्धवट यंत्र निरुपयोगी, आणि निरुपयोगी वस्तू नैसर्गिक निवडीत टिकत नाही. म्हणून असे यंत्र पायरीपायरीने होणे अशक्य. ते कोणा बुद्धिमान कर्त्याने योजूनच केले असले पाहिजे.

तथापि हा विचार परदेशातून आला असे समजण्याचे कारण नाही. दहाव्या शतकात मिथिलेत होऊन गेलेल्या उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली' हा ग्रंथ ईश्वरसिद्धीसाठीच लिहिला. त्यांची एक युक्ती न्यायशास्त्राच्या पंचावयवी वाक्यात अशी बसवता येईल : पृथ्वी, अंकुर इत्यादींना कर्ता आहे, ही प्रतिज्ञा. कारण ती कार्ये आहेत, हा हेतू. जे जे कार्य त्याला कर्ता असतो, जसा घटाला कुंभार, हे उदाहरण. पृथ्वी, अंकुर हीही तशीच कार्ये आहेत, हा उपनय. म्हणून त्यांना कर्ता आहे, हे निगमन. त्यांची आणखी एक युक्ती तर आजच्या विषयाला फारच जवळची आहे. परमाणू जड आहेत, त्यांना स्वतःची इच्छा नाही; मग ते एकमेकांशी जोडले जावेत अशी पहिली हालचाल त्यांच्यात कोणी उत्पन्न केली? कोणी चेतन असल्याशिवाय जडाची जुळणी होणार नाही, असे उदयनाचार्य म्हणतात. बेही जे रेणूंविषयी म्हणतात, ते हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे परमाणूंविषयी म्हटले गेले होते. हे मला भाषणाच्या वेळी ठाऊक असते तर आणखी टाळ्या पडल्या असत्या.

३. उत्तरपक्ष : वारुळाचा आक्षेप

पण ज्या परंपरेने ही युक्ती घडवली, तिच्यातच तिची परीक्षाही झाली होती. उदयनाचार्यांच्या कित्येक शतके आधी, सातव्या शतकाच्या सुमारास, बौद्ध तार्किक धर्मकीर्ती याने घट-कुंभाराच्या दृष्टान्तावर जो आक्षेप घेतला तो वाचून मी अक्षरशः थबकलो. त्याचा आशय असा : घट हा मातीचा विकार आहे आणि तो कुंभाराने केला आहे, एवढ्यावरून मातीचा प्रत्येक विकार कुंभाराचा म्हणू लागलात तर वारूळही कुंभारानेच केले असे मानावे लागेल.

आमच्या रानात बांधाला लागून वारूळ आहे. नागपंचमीला आई तेथे पूजेला जाते. त्याच्या आत वाटा आहेत, कप्पे आहेत, हवा खेळण्याची सोय आहे. ते वाळवीने बांधलेले असते, आणि त्यांतल्या एकाही किड्याच्या डोक्यात सबंध वारुळाचा आराखडा नसतो. प्रत्येक किडा आपल्यापुढच्या ओल्या मातीच्या कणाला जे करायचे ते करतो. रचना उभी राहते. तेव्हा 'जेथे रचना तेथे रचनेची योजना करणारी बुद्धी' ही व्याप्तीच पक्की नाही. घटाला कुंभार असतो हे आपण पाहिले आहे म्हणून आपण ते म्हणतो. पृथ्वी किंवा पेशी घडवताना कोणाला पाहिल्याचा अनुभव आपल्यापाशी नाही.

नैयायिकांची बाजू येथे सांगितली पाहिजे. ते म्हणतील की पृथ्वी आणि अंकुर हे तर पक्षातच मोडतात, म्हणजे ज्यांच्याविषयी वाद आहे त्याच वस्तू आहेत. त्या विरोधी उदाहरण म्हणून देता येणार नाहीत. मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे. परंतु त्याने फार तर एवढेच सिद्ध होते की अनुमान खोडले गेलेले नाही. ते सिद्ध झाले असे होत नाही. शिवाय ज्यांना नास्तिक म्हणता येणार नाही अशांनीही या अनुमानास नकार दिला आहे. मीमांसक कुमारिल भट्टांना जगाचा कर्ता अनुमानाने सिद्ध होतो हे मान्य नव्हते. रामानुजाचार्य तर परम वैष्णव. त्यांनीही श्रीभाष्यात स्पष्ट केले की ईश्वर शास्त्रावरून जाणावयाचा, घट-कुंभाराच्या अनुमानावरून नव्हे.

४. उत्तरपक्ष : प्रयोगाचा आक्षेप

आता बेही यांच्या सापळ्याकडे वळू. त्यांच्या युक्तीत एक गृहीत लपलेले आहे : अर्धवट यंत्र निरुपयोगी असते. ते त्याच कामाला निरुपयोगी असेल. दुसऱ्या कामाला असेलच असे नाही. काही रोगकारक जीवाणूंत सुईसारखे एक साधन असते. त्यातून ते आपले विषारी प्रथिन आपल्या पेशीत टोचतात. या सुईच्या मुळाशी असलेली दहाच्या आसपास प्रथिने कशाभिकेच्या मुळाशी असलेल्या प्रथिनांची भावंडे आहेत. येथे मोटार नाही, शेपटी नाही, तरी यंत्र चालू आहे. ही सुई बहुधा कशाभिकेपासूनच निघाली असावी, तिची पूर्वज नसावी, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणून 'सुईची कशाभिका झाली' असे म्हणणे बरोबर नाही. पण भाग काढले की काहीच उरत नाही, हे विधान मात्र तिने खोटे पाडले. एटीपी करणाऱ्या यंत्राचा वरचा भागही पेशीतील दुसऱ्या एका कामाच्या प्रथिनांशी, आनुवंशिक रेणूंची गुंफण सोडवणाऱ्या प्रथिनांशी, नात्यातला निघाला आहे.

मला सर्वांत पटला तो २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग. पेशीत प्रोटॉन उपसणारा एक पंप असतो. त्यात प्रथिनांचे एक फिरते कडे असते. प्राण्यांत हे कडे दोन प्रकारच्या प्रथिनांचे असते, बुरशीवर्गात तीन प्रकारच्या. बुरशीत तिन्ही अत्यावश्यक. त्यांपैकी एक काढले की कडे निकामी. म्हणजे बेही यांना हवे तसेच उदाहरण. जो थॉर्नटन, टॉम स्टीव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजच्या अनेक जातींतील जनुकांची तुलना करून कोट्यवधी वर्षांपूर्वीचे मूळ जनुक कसे असेल ते काढले, ते प्रयोगशाळेत प्रत्यक्ष तयार केले आणि यीस्टमध्ये घातले. त्या एका जुन्या प्रथिनाने आजच्या दोन प्रथिनांचे काम केले. पूर्वी एकच जनुक होते. त्याच्या दोन प्रती झाल्या. मग प्रत्येक प्रतीने आपली एकेक बाजू गमावली. एकाला कड्यात या जागी बसता येईना, दुसऱ्याला त्या जागी. त्यामुळे दोघेही आवश्यक होऊन बसले.

हे समजायला मला आमच्या घरातलेच उदाहरण पुरले. अण्णा आणि चुलते, दोघेही पूर्वी चाकावर बसत आणि आवाही लावत. एकत्र असताना अण्णा चाकावरच राहिले, चुलते आव्यावरच. आज अण्णांचा हात आव्यावर बसत नाही आणि चुलत्यांना चाक जमत नाही. नवखा माणूस पाहील तर म्हणेल, यांतला एक जरी नसता तरी धंदा उभाच राहिला नसता. पण धंदा उभा राहिला तेव्हा एकटे आजोबा दोन्ही करत होते. आज एखादा भाग अत्यावश्यक आहे, यावरून तो पहिल्या दिवसापासून अत्यावश्यक होता असे ठरत नाही. माझ्या भाषणाचा पाया नेमका याच जागी पोकळ होता.

अमेरिकेत हा वाद न्यायालयातही गेला. पेनसिल्व्हेनिया राज्यातील डोव्हर गावच्या शाळा मंडळाने विद्यार्थ्यांपुढे उत्क्रांतीला पर्याय म्हणून 'बुद्धिमान योजने'चा विचार ठेवण्याचे ठरवले, तेव्हा पालकांनी दावा लावला. बेही यांची साक्ष झाली. विज्ञानातील सिद्धान्ताची त्यांनी केलेली व्याख्या लावली तर फलज्योतिषही सिद्धान्त ठरेल, हे त्यांना उलटतपासणीत मान्य करावे लागले. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायमूर्ती जॉन जोन्स यांनी ही कल्पना विज्ञान नसल्याचा निर्णय दिला. न्यायालयाने सांगितले म्हणून एखादे शास्त्र खरे ठरते असे नाही. परंतु उलटतपासणी हे चांगले साधन आहे, आणि माझ्या भाषणाची ती झाली नव्हती.

५. मग उरते काय?

सर्व प्रश्न सुटले असे मुळीच नाही. पहिली पेशी कशी जुळून आली याचे पूर्ण उत्तर आज विज्ञानापाशी नाही. धागे मात्र हाती आहेत. प्रथिने विणणारा जो रायबोझोम, त्याच्या रचनेसाठी २००९ चे नोबेल पारितोषिक वेंकटरमण रामकृष्णन यांना दोघांसमवेत मिळाले. त्याचा गाभा प्रथिनांचा नसून आरएनएचा आहे असे दिसून आले. प्रथिने करणारे यंत्रच मुळात प्रथिनांचे नसावे, हे प्रथिनांच्याही आधीच्या काळाकडे बोट दाखवते. जुन्या वाड्याच्या भिंतीत त्याहून जुन्या देवळाचा दगड सापडावा, तसे हे आहे.

जेथे उत्तर सापडले नाही तेथे 'हे ईश्वराने केले' असे म्हणून थांबावे काय? मला वाटते यात विज्ञानाचे नुकसान आहेच, पण श्रद्धेचे अधिक आहे. आज कशाभिकेत ठेवलेला ईश्वर उद्या कशाभिकेचा उलगडा झाला की तेथून हलवावा लागेल. ज्याला दर दहा वर्षांनी घर बदलावे लागते, तो कसला विश्वंभर? वेदान्ताची भूमिका याहून खोल आहे. तेथे ईश्वर हा मातीपासून वेगळा, बाहेर बसलेला कुंभार नाही. तोच निमित्तकारण आणि तोच उपादानकारण, कुंभारही तोच आणि मातीही तोच. आपल्या अंबाजोगाईला ज्यांची समाधी आहे त्या मुकुंदराजांनी शके १११० मध्ये 'विवेकसिंधु' लिहून हा अद्वैतविचार मराठीत आणला. ती भूमिका खरी की खोटी हा वेगळा प्रश्न. पण ती एखाद्या जीवाणूच्या शेपटीवर अवलंबून नाही, एवढे निश्चित.

६. समारोप

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा माठांचा आवा नुकताच उकलला होता. अण्णा एकेक माठ उचलून बोटाने वाजवत होते. बद्द वाजेल तो बाजूला. मी जवळ बसून हे सगळे, जमेल तसे, सांगितले. शेवटी म्हणालो, "अण्णा, माझं भाषण चुकीचं होतं."

त्यांनी विचारले, "म्हंजे देव नाही म्हणतोस का काय?"

"तसं नाही. देव आहे हे त्या भाषणानं सिद्ध झालं नव्हतं, एवढंच म्हणतो."

ते काही बोलले नाहीत. मग मीच विचारले, "अण्णा, माठाचा हा असा आकार पहिल्यांदा कोणी काढला?"

"कोणी एकट्यानं नसंल काढला," ते म्हणाले. "बुड जाड ठिवलं तर पाणी गार व्हत नाही, पातळ केलं तर आव्यात तडकतं. फुटंल ते सोडलं, टिकंल ते धरलं. आमच्या आज्यापंज्यांनी तेच केलं."

दृष्टान्त ओढून ताणू नये. येथे सोडणारा आणि धरणारा कुंभारच होता, हा आक्षेप कोणीही घेईल आणि तो रास्त आहे. निसर्गात फुटलेले आपोआप सुटते, टिकलेले आपोआप उरते. तेथे निवडणारा हात नाही, हाच डार्विनने १८५९ साली मांडलेला विचार. पण आकार आधी कोणाच्या तरी मनात पूर्ण असतो आणि मगच मातीत उतरतो, अशी माझी जी समजूत होती ती खुद्द कुंभारानेच काढून टाकली.

जवळच्या तेरचे गोरोबाकाका संतमेळ्यात थापटणे घेऊन कोण पक्के नि कोण कच्चे ते पाहत, अशी कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. ज्या नामदेवांना त्यांनी कच्चे ठरवले त्यांची थोरवी त्यामुळे कमी झाली नाही. ते गुरूच्या शोधात निघाले. विद्यार्थ्याने आपल्या आवडत्या युक्तिवादालाही असेच वाजवून पाहावे. विशेषतः जो आपल्या श्रद्धेच्या बाजूचा आहे, त्याला अधिक जोराने. कारण कच्च्या मडक्यात पाणी भरले तर मडके तर जातेच, पाणीही जाते.

चषक परत करावा का, असे मी अण्णांना विचारले होते. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "बोललास बरा. आता जे कळलं ते बी तिथंच जाऊन सांग." म्हणून हा लेख. यात काही कच्चे राहिले असेल तर गुरुजनांनी आणि मित्रांनी ते जरूर वाजवून दाखवावे.